बशीरचा लांब गोल

अकोल्यात कधी चार दिवस काढले असतील, तर बशीरचा आवाज तुमच्या कानावरून गेलेलाच असणार. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, आत एक माईक आणि हँडलमागे बशीर. उद्या नळ येणार नाहीत हे तोच सांगणार. साड्यांचा सेल लागला, तोच सांगणार. कोणाचं पोरगं बाजारात हरवलं, तर लाल चड्डी आणि कमरेच्या काळ्या दोऱ्यासकट वर्णन करून तोच शोधून देणार. आणि कोणी गेलंच, तर मयत किती वाजता उठेल हेही त्याच्याच तोंडून कळणार. माणूस म्हणाल तर किडकिडीत, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबणारा. एवढ्याशा छातीत एवढा आवाज मावतो कुठे, असं नवखा माणूस हमखास विचारायचा.

रविवारी दुपारनंतर मात्र हा गळा विकायला नव्हता. दुप्पट देतो म्हटलं तरी नाही. रविवारी बशीर फुटबॉलच्या मैदानावर टेबल मांडायचा, ऑटोचे भोंगे उतरवून खांबाला बांधायचा आणि सामन्याचं धावतं वर्णन करायचा. तेही फुकट. क्रिकेटवाल्यांना वाटतं, देशात दुसरा खेळच नाही. त्यांनी एकदा आमच्याकडे रविवारी यावं. मैदानाच्या भिंतीवर बसायला जागा मिळाली तर नशीब म्हणावं.

धावतं वर्णन करणाऱ्यानं कोणाची बाजू घेऊ नये म्हणतात. असतील कुठे तसली माणसं, बशीर त्यातला नव्हता. तो हिलाल क्लबचा, आणि ते त्यानं कधी लपवलं नाही. बाहेरच्या संघानं गोल केला की तो म्हणायचा, "गोल." बस, एवढंच. छत्री सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी, त्याच सुरात. पण हिलालचा गोल झाला की बशीर खुर्चीवरून उठायचा, डोळे मिटायचा आणि "गो" धरायचा. तो "गो" मैदानावरून निघायचा, नाल्यापलीकडच्या वस्तीवर जायचा, आणि त्याचा "ल" येईपर्यंत भिंतीपाशी शेंगा विकणाऱ्या चतुराबाईचं एका गिऱ्हाइकाला मोजून देणं उरकायचं. लोकांनी ह्याला नावंच पाडली होती. पाहुण्यांचा तो आखूड गोल, आपला तो लांब गोल. अमरावतीच्या एका संघानं एकदा तक्रार केली, की हा दुजाभाव आहे. बशीर म्हणाला, "तुमी तुमच्या गावात तुमचा बशीर ठेवा ना बावा." तेव्हापासून तक्रार नाही. उलट परतवाड्याचे, भातकुलीचे खेळाडू इकडे आले की आपसात म्हणायचे, आज बशीरभाईचा लांब गोल होऊ द्यायचा नाही. तेवढाच त्यांना जोर यायचा.

आता ह्या वर्षीचं ऐका. ह्या वर्षी हिलालनं अख्ख्या मोसमात एकही गोल केला नाही.

हरणं वेगळं. हरणारे संघ पुष्कळ पाहिले. पण एक नाही म्हणजे एक नाही? क्लब उभा राहिल्यापासून असं कधी झालं नव्हतं. बचाव चांगला, गोलकीपर चांगला, मधली फळी बरी. पुढे मात्र आनंदीआनंद. सेंटर फॉरवर्ड गजेंद्र, मोबाइलच्या दुकानात काम करणारा, दिसायला राजबिंडा. त्याचे फटके जाळं सोडून चहूकडे जायचे. एक तर चतुराबाईच्या शेंगांच्या टोपलीत गेला. डावीकडून देवीदास खेळायचा, तो पळायचा हरणासारखा. फक्त चेंडू मागे राहायचा.

भिंतीवरच्या मंडळींनी हे दुःख कसं गिळलं, ते पाहण्यासारखं होतं. पहिले चार-दोन सामने त्यांनी रेफरीला शिव्या दिल्या. मग मैदानाला दिल्या, मग उन्हाला. मग वामनरावांनी पाहुण्यांच्या गोलच्या दोन्ही खांबांना लिंबू-मिरची बांधली. वामनराव हे अकोटकडचे शेतकरी, तुरीचे आणि कपाशीचे, घरचे चांगले. पण रविवारचा हिलालचा सामना त्यांनी आजवर चुकवलेला नाही. लिंबू-मिरचीचा उपयोग झाला नाही, उलट हाफटाइमनंतर बाजू बदलल्यावर पाहुण्यांनीच त्या खांबांतून दोन गोल घातले. मग मंडळींनी आपल्या बसायच्या जागा बदलून पाहिल्या. शेवटी अशी पाळी आली की हिलालला नुसता कॉर्नर मिळाला, तरी घरात पोरगं जन्मल्यासारखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडायची. चतुराबाई म्हणायची, "गोल झाला का माया टोपल्यातल्या शेंगा जात. या साली तं मी घरी शेंगा नेऊन राहिली, न पोट्टे म्हणतात, आई, पुन्हा शेंगाच?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दिवाळीनंतर बशीरचा आवाज बसला.

आधी वाटलं, सेलच्या दिवसांत जास्त ओरडणं झालं. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मुलेठी झाली. ज्येष्ठमध आणि मुलेठी एकच, हे नंतर कळलं. शेवटी बायको खुर्शीदबी त्याला अमरावतीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. आयुष्यात कधी तंबाखूचा खर्रा न खाल्लेल्या माणसाच्या गळ्यात गाठ! असंही होतं. डॉक्टर म्हणाले, कापून काढू, जीव वाचेल. आवाजाचं मात्र सांगता येणार नाही. राहिला तर राहिला. तोवर गळ्याला ताण देऊ नका.

बशीरनं ऑपरेशनची तारीख मागून घेतली ती हिलालच्या शेवटच्या सामन्यानंतरच्या मंगळवारची. डॉक्टरांना कारण सांगितलं नाही. खुर्शीदबीला सांगावं लागलं नाही.

सरळ सांगायचं तर बशीर घाबरला होता. मरणाला नाही. मरणाच्या वेळा त्यानं इतक्या पुकारल्या होत्या, की ती भीती त्याची मोडली होती. पण आवाज गेला तर आपण कोण, हे त्याला उमजेना. आणि जाता जाता एक लांब गोल मारावा, एकच, मग गेला तर गेला, एवढं एक मागणं त्याच्या मनात बसलं. त्यासाठी त्यानं आवाज राखायला सुरुवात केली. नळाची आणि सेलची पुकार त्यानं दुसऱ्याच्या आवाजात पेन ड्राइव्हवर भरून घेतली. घरी तर तो हातवाऱ्यांवर आला. मीठ पाहिजे तर बोटं चोळून दाखवायचा. ह्या घरात बोलणं हिंदीत चालायचं, आता तेही बंद. खुर्शीदबी म्हणायची, "निकाह के वक्त तीन बार कबूल है जोर से बोले थे, अब नमक के लिए भी आवाज नहीं." बोलायची हसत, पण स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

आणि ज्या गोलसाठी आवाज राखला, तो गोल काही होईना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हिलालचा सेक्रेटरी गोपाल, इलेक्ट्रिकच्या दुकानाचा मालक, त्याच्या डोक्यात एक युक्ती आली. त्यानं बशीरला दुकानात बोलावून मोबाइल काढला.

"बशीरभाई, आता दुकानात कोणी नाही. एक लांब गोल मारून टाका, मी रेकॉर्ड करतो. मंग गोल होवो का न होवो. आपल्यापाशी राहील."

बशीरनं नकाराची मान हलवली.

"काहून?"

बशीर हळू आवाजात म्हणाला, "गोल झाल्याबिगर गोल कसा ओरडू रे? मयत झाल्याबिगर मी मयत पुकारतो का?"

गोपालनं मोबाइल खिशात घातला. 

शेवटचा सामना परतवाड्याशी होता. परतवाडा आधीच पहिल्या नंबरावर पक्का, त्यांना हरण्याजिंकण्यानं काही फरक पडणार नव्हता. हिलालचा नंबर शेवटून पहिला, त्यांनाही पडणार नव्हता. पण बशीरच्या गळ्याची बातमी सगळ्या गावाला लागली होती. ऑपरेशन मंगळवारी आहे, हे पानठेल्यावरच्या माणसालाही माहीत. मैदानाच्या भिंतीवर पाय ठेवायला जागा नाही. कित्येक माणसं फुटबॉलचा फ सुद्धा न कळणारी, नुसता आवाज ऐकायला आलेली.

बशीरनं सुरुवात सांभाळून केली. शब्द थोडे, आवाज खाली. अर्धा तास गेला. मग मधून एक चेंडू सुटला आणि गजेंद्रच्या पायात आला. समोर परतवाड्याचा एकही गडी नाही, फक्त गोलकीपर उसामा. बशीर माईकवर बोलू लागला, "गजेंद्र पुढे निघाला... समोर मोकळं मैदान... गोलकीपर साहेब..."

आणि तो थांबला. कारण गोलकीपर साहेब बुटाची लेस बांधायला खाली वाकले होते. चेंडू चालू, फॉरवर्ड अंगावर येतोय, आणि हा पठ्ठ्या गोलच्या खांबापाशी जाऊन लेस बांधतोय!

बशीरला सगळं एका क्षणात कळलं.  हे कोणीतरी ठरवून केलेलं आहे, आणि ते आपल्यासाठी केलेलं आहे.

पण गजेंद्रला कोणी काही सांगितलं नव्हतं. मोसमभर त्यानं जाळ्यासमोर गड्यांची भिंत पाहिलेली. आज जाळं उघडं पाहून बिचारा गांगरला. शिटी वाजली का? त्यानं रेफरीकडे पाहिलं. ऑफसाइड आहे का? लाइनमनकडे पाहिलं, झेंडा खाली. म्हणजे ह्यात काहीतरी डाव आहे! समोर सताड उघडा गोल, आणि त्यानं काय करावं? चेंडू मागे दिला. देवीदासला. देवीदास तिथे नव्हताच. आता गोल होणारच म्हणून तो मागेच हात वर करून नाचायला लागला होता. परतवाड्याच्या गड्यानं येऊन चेंडू काढून नेला. उसामा लेस बांधून उभा राहिला, तर गोल झालेला नाही! त्यानं कपाळावर हात मारला.

दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय. भिंतीवरून असा हुंदका उठला की नाल्यावरचे बगळे उडाले.

हाफटाइमला वामनराव चहाचा कागदी कप घेऊन टेबलापाशी आले. नजर चुकवत होते.

"वामनराव," बशीर म्हणाला, "उसामाले काय सांगतलं तुमी?"

"मी? मी काहून सांगू काही?"

"मायाकडं पाहून सांगा."

वामनरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "सकाळी स्टँडवर चहा पाजला त्याले. म्हणलं, बावा, तुमी तं जिंकलेच हा. आमच्या बशीरसाठी एक सोडजो. पोट्टं भलं हाय, हो म्हणालं. कोणाचं काय जाते त्याच्यात?"

"मायं जाते."

"तुयं काय जाते? तुया तं गोल होते!"

"वामनराव, सारं गाव माया आवाजावर नळाचं पाणी भरते. मी मयत म्हणलो का लोक दुकान बंद करतात. कोणी पाहाले जात नाही खरं का खोटं. आन जाता जाता मी खोटा गोल ओरडू? ऑपरेशनच्या टेबलावर तेच संगं नेऊ?"

वामनराव एकदम भडकले.  "आन आमचं काय बे? तू मंगळवारी अमरावतीले जाशील, डॉक्टर कापून टाकतीन. मंग आमी काय आयकाचं रविवारी? पेन ड्राइव? आमाले बी आयकाचा होता ना एक! एकच मांगला देवाजवळ, तं त्या गज्याले पाय नाई सुधरले!"

बशीरनं त्यांच्या हातातला चहा घेतला, एक घोट घेतला, गळ्याला लागला तसा ठेवून दिला. मग माईक चालू केला. वामनराव "अरे, अरे" म्हणेपर्यंत भोंगे बोलू लागले होते.

"परतवाड्याचे गोलकीपर उसामा यांना विनंती. दुसऱ्या हाफमध्ये लेस पक्की बांधून उतरावं. हिलालला गोल पाहिजे, खैरात नको."

हळूहळू सगळ्यांना अर्थ लागला. उसामानं मान खाली घातली, मग हात वर करून कबूल असल्याची खूण केली. गोपालनं डोकं धरलं. हाताशी आलेला गोल बशीरनं स्वतःच्या तोंडानं परत केला होता. दुसरा मिळेल ह्याची काय खात्री? काहीच नाही. 

दुसऱ्या हाफमध्ये हिलालची पोरं शरमेनं म्हणा, रागानं म्हणा, जीव तोडून खेळली. देवीदासनं पहिल्यांदाच चेंडू बरोबर घेऊन धाव काढली. गजेंद्रनं तर असा फटका हाणला, सरळ, खांबाच्या आतून जाणारा, की बशीर खुर्चीवरून उठला. छातीत हवा भरली, डोळे मिटले. आणि डोळे उघडले तेव्हा उसामा जमिनीला समांतर हवेत होता, आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला होता. पक्की लेस बांधलेला उसामा! बशीरनं श्वास परत गिळला आणि म्हणाला, "वाह, उसामा." गळ्यात सुरी फिरल्यासारखं झालं.

ऊन उतरलं. रेफरी घड्याळ पाहायला लागला. हिलालचे सगळे गडी पुढे चढलेले, मागे रान मोकळं. परतवाड्याच्या दहा नंबरनं आपल्या हद्दीत चेंडू अडवला, मान वर केली आणि मैदानाच्या मधूनच फटका मारला. चेंडू वर गेला, तिरप्या उन्हात दिसेनासा झाला, भिंतीवरची सगळी तोंडं वर झाली. आणि मग तो वळत वळत उतरला. हिलालचा गोलकीपर मागे मागे धावत गेला, त्याच्या बोटांवरून, आडव्या खांबाच्या खालून, चेंडू जाळ्यात. त्या मैदानावर इतका देखणा गोल कोणी पाहिला नव्हता.

बशीर उभा होता. मघाचा श्वास अजून छातीत होता. त्यानं विचार केला नाही. वीस-पंचवीस वर्षं जे फक्त आपल्यांना दिलं, ते आज त्याच्या तोंडून निघालं. "गो" निघाला. मैदानावरून गेला, नाला ओलांडून गेला, घरांवरून गेला. माणसं थिजून ऐकत राहिली. चतुराबाईचा हात टोपलीतच राहिला. "गो" चिरत गेला, फाटत गेला, तरी त्यानं तो सोडला नाही. "ल" आला तेव्हा त्यात आवाज उरलाच नव्हता. भोंग्यातून नुसती हवा आली.

परतवाड्याची पोरं नाचायची विसरली. दहा नंबरनं टेबलाकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.  वामनराव पाठ फिरवून ओरडले, "त्यायले देल्ला बे! आपला लांब गोल त्यायले देल्ला!" आणि त्यांनी पाठमोऱ्यानंच धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

सामना संपल्यावर बशीरनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आवाज नाही. घसा खाकरला, नाहीच. वामनराव रागातच आले, वायर गुंडाळली, भोंगे ऑटोवर चढवले आणि मागच्या सीटवर बसले.

ऑटो नाल्यापलीकडच्या त्याच्या गल्लीत शिरला आणि बशीरला धक्का बसला. गल्लीत फटाके फुटत होते. ताशा वाजत होता. बाया दारात, पोरं छपरांवर. घरी बसलेल्यांना गोल कोणाचा ते काय ठाऊक? त्यांनी लांब गोल ऐकला. लांब गोल म्हणजे आपला. दुसरा अर्थ आजवर झालाच नव्हता. लोकांनी बशीरला ऑटोतून ओढून काढलं, गळ्यात हार घातला.

"कोणं मारला? गज्यानं मारला का?"

बशीरनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यानं वामनरावांकडे पाहिलं. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. गल्ली खुश, पोरं खुश, मंगळवारी ऑपरेशनला जाताना सगळ्यांची दुवा. कोणी पाहायला आलं होतं?

वामनराव खाली उतरले. ऑटोत हात घालून त्यांनी माईक काढला. जन्मात पहिल्यांदा. उलटा धरला होता, बशीरनं सरळ करून दिला.

"आयका," वामनराव म्हणाले. भोंगा किरकिरला. "गोल आपला नोता. परतवाड्याचा होता. आपल्याले या साली एक बी झाला नाई." त्यांनी माईक आणखी तोंडाजवळ धरला. "पन गोल खरा होता. आन बशीरनं खरा वरडला."

ताशा थांबला. एक फटाका उगाच फुटला, आणि लावणारा पोरगा ओशाळला.  कोणी म्हणालं, मग हार कशाला घातला. तेवढ्यात घरातून खुर्शीदबी मोठं पातेलं फडक्यानं धरून बाहेर आली. शेवयांची खीर होती, वाफ निघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बशीरनं तिच्याकडे बघून हात जोडल्यासारखं केलं.

"तो क्या हुआ?" ती म्हणाली. "मैंने कौनसा गोल देखा था? मैंने इनकी आवाज सुनी और दूध चढ़ा दिया. चलो, बर्तन लाओ सब."

माणसं वाट्या आणायला घरात पळाली. वामनरावांनी पहिली वाटी घेतली आणि अजून रागावलो आहोत हे दाखवायला पाठ करून खाल्ली. बशीरला गिळताना फार त्रास झाला. तरी त्यानं दोन वाट्या संपवल्या.